पॅनेल उघडते, गेम चालतो, पण कन्सोल जोडला जात नाही : टेरोडॅक्टिलमधील नेहमीचा बिघाड

लक्षणे

टेरोडॅक्टिल या गेम सर्व्हर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पॅनेलमध्ये वापरकर्ता प्रवेश करतो, त्याच्या सर्व्हरची यादीही दिसते. परंतु एखादा सर्व्हर उघडला की कन्सोलची, म्हणजे सर्व्हरचे संदेश दाखवणारी आणि आज्ञा घेणारी, काळी चौकट रिकामीच राहते आणि जोडणीत अडचण येत असल्याने थोडे थांबा, अशा अर्थाची इंग्रजी पट्टी वर येते, ती काही केल्या जात नाही. चालू, बंद आणि पुन्हा सुरू करण्याची बटणे दाबली तरी काहीच घडत नाही. फाइलींची यादी कधी नीट उघडते, कधी उघडत नाही. प्रशासकाच्या विभागात नोडच्या (गेम चालवणाऱ्या संगणकाच्या) नावाशेजारचे हिरवे हृदय बहुधा लाल झालेले असते. आणि बहुतेक वेळा याच सुमारास गेम मात्र सुरळीत चालू असतो, खेळणारी मुले आतच असतात, त्यांना काही बिघडल्याचा पत्ताही नसतो.

बेळगाव, खानापूर आणि निपाणी येथील मुलांसाठी मी माइनक्राफ्टचे काही सर्व्हर सांभाळतो. पॅनेल भाड्याच्या एका व्हर्च्युअल सर्व्हरवर आहे आणि नोड म्हणून वापरलेले संगणक आमच्याच भागात आहेत. त्यांपैकी एक वडगावात एका दुकानाच्या मागच्या खोलीत चालतो. पावसाळा सुरू झाला आणि वीज ये-जा करू लागली की "दादा, पॅनेल उघडालंय, पण कन्सोल येईना झालाय" असा निरोप हमखास येतो. हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की त्याची कारणे आता ओळखीची झाली आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, लोक घाबरून पॅनेल पुसून नव्याने बसवतात आणि साधी अडचण कायमच्या नुकसानीत बदलते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

(आज्ञा आणि फाइलींची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत, संगणकावर ती इंग्रजी लिपीतच टाइप करावी लागतात.)

आधी कोण कोणाशी बोलते ते समजून घ्यावे

टेरोडॅक्टिलचे दोन भाग आहेत. पॅनेल म्हणजे पीएचपीमध्ये लिहिलेले संकेतस्थळ. त्यात खाती, परवानग्या आणि सर्व्हरच्या नोंदी असतात. विंग्ज हा गो भाषेत लिहिलेला वेगळा प्रोग्रॅम प्रत्येक नोडवर चालतो, आणि प्रत्येक गेम सर्व्हर डॉकर या सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या कप्प्यात, ठेवून त्याची देखभाल करतो. विंग्ज सामान्यतः ८०८० या पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकित दारावर) ऐकतो आणि फाइलींची ने-आण करणाऱ्या एसएफटीपीसाठी २०२२ हे पोर्ट वापरतो.

बहुतेकांचा असा समज असतो की आपण पॅनेलशी बोलतो आणि पुढचे सारे पॅनेल पाहून घेते. प्रत्यक्षात तसे नाही. ब्राउझर पॅनेलशी बोलतो, पॅनेल विंग्जशी बोलते, विंग्ज पॅनेलकडून सर्व्हरची माहिती मागवतो, आणि कन्सोलसाठी ब्राउझर थेट विंग्जशी जोडणी करतो, मध्ये पॅनेल नसतेच. असे हे चार धागे आहेत. गेम खेळणाऱ्याची जोडणी तर या चारांपैकी कशातच येत नाही; ती सरळ कंटेनरच्या पोर्टला, माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत मूळचे पोर्ट असेल तर २५५६५ ला जाते. म्हणूनच कन्सोल मेलेला असतानाही गेम चालू राहतो. वडगावात माग चालवणारा माणूस एक धागा तुटला म्हणून अख्खा ताणा उतरवत नाही. तो तुटलेले टोक शोधतो. येथेही पहिले काम तेच आहे.

पहिली पाहणी : मोबाइलचा डेटा

घरातील किंवा दुकानातील वाय-फाय बंद करून मोबाइलच्या डेटावर तेच पॅनेल उघडावे. याला काही खर्च नाही आणि अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. डेटावर कन्सोल आला आणि वाय-फायवर आला नाही, तर नोड ठणठणीत आहे. नोड ज्या राउटरमागे आहे त्याच राउटरवरून आपण त्याच्या बाहेरच्या पत्त्याने त्याला हाक मारत आहोत, आणि कित्येक साध्या राउटरना बाहेर जाऊन पुन्हा आत वळणारी अशी जोडणी करता येत नाही. अशा वेळी आतल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये (नावे आणि पत्ते यांच्या त्याच्या स्वतःच्या यादीत) नोडच्या नावापुढे त्याचा आतला पत्ता लिहिला की काम भागते. विंग्जला हातही लावू नये.

दुसरी पाहणी : दोन खुणा, दोन वेगळे अर्थ

प्रशासकाच्या नोडच्या यादीतील हृदय लाल दिसले की सारे खचतात, पण ते हृदय नेमके काय सांगते हे फार थोड्यांना ठाऊक असते. पॅनेलच्या १.० पासूनच्या मालिकेत ती तपासणी आपला ब्राउझर स्वतः करतो. म्हणजे लाल हृदयाचा अर्थ "विंग्ज बंद आहे" असा नसून "या ब्राउझरला विंग्जपर्यंत पोहोचता आले नाही" एवढाच आहे. याउलट नोडच्या पानावर आत गेल्यावर विंग्जची आवृत्ती आणि यंत्राची माहिती दिसते, ती पॅनेल स्वतः विंग्जला विचारून आणते. हृदय लाल, पण आत आवृत्ती दिसते, याचा अर्थ पॅनेल ते विंग्ज हा धागा शाबूत आहे आणि ब्राउझर ते विंग्ज हा तुटला आहे. दोन्ही गेले असतील तर दोष नोडकडे किंवा त्याच्या वाटेवर आहे.

प्रशासकाचे अधिकार नसलेल्या मुलालाही हाच भेद करता येतो. फाइलींची यादी पॅनेलमार्फत येते, कन्सोल आणि त्यावरील बटणे मात्र थेट जोडणीवर चालतात. यादी उघडते पण कन्सोल येत नाही, एवढे एक वाक्य त्याने कळवले तरी माझे निम्मे काम होते.

तिसरी पाहणी : नोडचा पत्ता ब्राउझरमध्ये

ब्राउझरच्या नव्या खिडकीत एचटीटीपीएससह नोडचे पूर्ण नाव आणि शेवटी अपूर्णविराम देऊन ८०८० लिहावे आणि उघडावे. संपूर्ण तपासणीत मला सर्वाधिक उपयोगी पडलेली पाहणी हीच. तिचे निकाल तीन प्रकारचे असतात.

आवश्यक अधिकृतता विनंतीसोबत आली नाही, अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली तर नव्या माणसाला ती चूक वाटते, पण ती आनंदाची बातमी आहे. विंग्ज जिवंत आहे, एचटीटीपीएससाठी लागणारे सुरक्षा प्रमाणपत्र ग्राह्य आहे, पोर्ट उघडे आहे, आणि त्याने अनोळखी पाहुण्याला रीतसर दारातच थांबवले आहे. आता दोष घड्याळात किंवा पॅनेलच्या पत्त्यात शोधावा.

ही जोडणी सुरक्षित नाही असा इशारा आला तर प्रमाणपत्र पाहावे. आणि पान नुसतेच फिरत राहिले, शेवटी काहीच आले नाही, तर विंग्ज बंद आहे किंवा वाटेत पोर्ट, फायरवॉल अथवा पत्ता यांपैकी काहीतरी अडले आहे.

येथेच आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. पॅनेल त्याच्या नावाऐवजी आयपी पत्त्याने उघडले असेल तर विंग्ज कन्सोलची जोडणी नाकारतो, कारण आपल्या कॉन्फिग फाइलमध्ये नोंदलेल्या पॅनेलच्या पत्त्याखेरीज दुसऱ्या पत्त्यावरून आलेली हाक तो स्वीकारत नाही. पॅनेलचे डोमेन बदलल्यावरही हेच होते. तसेच पॅनेल एचटीटीपीएसवर आणि नोड साध्या एचटीटीपीवर असेल तर ब्राउझर स्वतःच ती जोडणी अडवतो. दोन्हीकडे प्रमाणपत्र हवेच. नोडच्या नावासाठी क्लाउडफ्लेअरचा नारिंगी ढग (सारी ये-जा त्यांच्या सर्व्हरमधून नेण्याची खूण) चालू ठेवला असेल तर तोही बंद करावा. त्या मार्गाने ८०८० वर एचटीटीपीएस चालत नाही आणि एसएफटीपी तर मुळीच जात नाही.

चौथी पाहणी : विंग्जची अवस्था आणि डिस्कवरील जागा

आता नोडवर एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा देण्याच्या जोडणीने, जावे. सिस्टमसीटीएलच्या स्टेटस आज्ञेने विंग्ज चालू आहे का ते पाहावे आणि बंद असेल तर सुरू करावे. विंग्ज पुन्हा सुरू केल्याने गेम बंद पडत नाहीत, कारण कंटेनर डॉकरकडे असतात. कन्सोल काही क्षण तुटतो, एवढेच. मात्र डॉकर पुन्हा सुरू करू नये. तसे केले तर सामान्य मांडणीत सगळे सर्व्हर एकदम बंद होतात, आणि ज्या मुलांना काहीच त्रास नव्हता ती बाहेर फेकली जातात. नावे शेजारी शेजारी असल्याने घाईत ही चूक होते.

विंग्ज सुरू होऊन लगेच पडत असेल तर डीएफ आज्ञेने डिस्क पाहावी. व्हार, लिब, टेरोडॅक्टिल या मार्गावरील बॅकअप्सच्या फोल्डरमध्ये जुन्या प्रती साठत जातात आणि एके दिवशी जागा १०० टक्के भरते. भरलेल्या डिस्कवर विंग्जला नोंद लिहिता येत नाही, गेमला जग साठवता येत नाही, आणि पॅनेल त्याच यंत्रावर असेल तर मारियाडीबीही (पॅनेलचा डेटाबेस) बंद पडते. बॅकअप पॅनेलमधूनच पुसावेत. हाताने फाइल उडवली तर पॅनेलच्या नोंदीत तो बॅकअप तसाच दिसत राहतो.

पाचवी पाहणी : घड्याळ

कन्सोल उघडताना पॅनेल ब्राउझरला एक स्वाक्षरी केलेले टोकन देते आणि ब्राउझर ते विंग्जला दाखवतो. हे टोकन दहाच मिनिटे चालते. ते केव्हा दिले आणि केव्हा संपणार हे त्यातच लिहिलेले असते, आणि विंग्ज ते आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. नोडचे घड्याळ बरेच चुकलेले असेल तर ही ताडणी फसू शकते. ते दहा मिनिटांहून अधिक पुढे असेल तर टोकन संपलेले वाटते. अशा वेळी हृदय हिरवे, फाइली दिसतात, आणि कन्सोल मात्र येत नाही. ही तिन्ही लक्षणे एकत्र आली की मी सर्वांत आधी घड्याळच पाहतो.

वडगावच्या दुकानातील संगणकावर असेच झाले. रात्री वीज गेली, सकाळी आली, यंत्र आपोआप सुरू झाले, गेमही सुरू झाला, आणि कन्सोल काही येईना. टाइमडेटसीटीएल या वेळ दाखवणाऱ्या आज्ञेने पाहिले तर घड्याळ काही तासांनी चुकलेले. वेळ इंटरनेटवरून जुळवणारी सेवा कोणीतरी बंद करून ठेवली होती. ती चालू केल्याबरोबर कन्सोल आला. पण मूळ कारण आत होते. डबा उघडला, मदरबोर्डवरील धूळ ब्रशने झाडली, तेव्हा कडेला नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी दिसली. मीटरवर ती तीनऐवजी दोन व्होल्टही दाखवत नव्हती. वीज नसताना घड्याळ याच बॅटरीवर चालते. नवी बॅटरी घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळते. बसवताना यंत्राची वायर भिंतीतून काढलेली असावी आणि बॅटरीची अधिक खूण वर असावी, इतकेच पाहायचे.

एखाद्या यंत्रावर विंडोजही बसवलेले असेल तर घड्याळ नेमके साडेपाच तास पुढे गेलेले आढळते, कारण विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितो आणि लिनक्स ती जागतिक वेळ समजतो. टाइमझोन बदलून हे सुटत नाही; टोकनमध्ये टाइमझोन पाहिलाच जात नाही.

सहावी पाहणी : प्रमाणपत्र

लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेचे नेहमीचे प्रमाणपत्र ९० दिवस चालते. मुदत संपत आल्याचा इशारा पूर्वी ईमेलने येत असे; ती सोय ४ जून २०२५ पासून बंद झाली आहे, म्हणून त्या पत्राची वाट पाहणाऱ्यांना आता बिघाडानेच जाग येते.

येथे दोन तारखा पाहाव्यात. ब्राउझरमधील कुलपाच्या खुणेतून नोड प्रत्यक्ष कोणते प्रमाणपत्र दाखवत आहे त्याची मुदत कळते; सर्टबॉट या प्रमाणपत्र आणून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या सर्टिफिकेट्स या आज्ञेने डिस्कवर कोणते आहे त्याची मुदत कळते. डिस्कवर नवे आणि ब्राउझरमध्ये जुने असेल तर नूतनीकरण व्यवस्थित झाले आहे, पण विंग्जने सुरू होताना वाचलेले जुने प्रमाणपत्रच तो धरून बसला आहे. विंग्ज पुन्हा सुरू केला की झाले. मी ज्या नोडना हात लावला त्यांत हेच कारण सर्वाधिक वेळा निघाले, आणि त्यासाठी पॅनेल नव्याने बसवलेले लोकही मला भेटले. पुन्हा असे होऊ नये यासाठी सर्टबॉटच्या डिप्लॉय हूकमध्ये (नूतनीकरणानंतर आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या जागी) विंग्ज पुन्हा सुरू करण्याची आज्ञा एकदाच लिहून ठेवावी.

दोन्हीकडे मुदत संपलेली असेल तर नूतनीकरणच अडले आहे. एचटीटीपी पद्धतीच्या पडताळणीसाठी बाहेरून ८० हे पोर्ट उघडे लागते, आणि राउटरवर नेमके तेच कोणीतरी बंद केलेले असते. दुरुस्ती केल्यावर आधी ड्राय रनने, म्हणजे खरे प्रमाणपत्र न घेता, चाचणी घ्यावी. ती चाचणी खरी मर्यादा खर्च करत नाही. खरे प्रमाणपत्र मात्र त्याच नावांसाठी सात दिवसांत पाचच वेळा मिळते. पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारा माणूस ही मर्यादा संपवतो आणि मग हात बांधून बसतो.

सातवी पाहणी : पत्ता आणि राउटर

वीज जाऊन आल्यावर राउटरला बाहेरचा नवा पत्ता मिळू शकतो आणि डोमेनची नोंद जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहते. ही तुलना सोपी आहे. आतला पत्ता बदलणे मात्र लवकर लक्षात येत नाही. यंत्र काल १९२.१६८.१.२० वर होते आणि आज १९२.१६८.१.२३ वर आहे, तर राउटरमधील पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची हाक आतल्या यंत्राकडे वळवणारी नोंद) रिकाम्या पत्त्याकडे जाते. शिवाय पॅनेलमधील अलोकेशन (सर्व्हरला नेमून दिलेला पत्ता आणि पोर्ट) जुन्या पत्त्यावर बांधलेले असल्याने तो पत्ता यंत्रावर नाही म्हणून गेमचा कंटेनरही सुरू होत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच राउटरमध्ये त्या यंत्रासाठी पत्ता राखून ठेवावा.

फॉरवर्डिंग बरोबर असूनही बाहेरून काहीच येत नसेल तर राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल तर तो आपल्या एकट्याचा नाही. एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि आपल्या राउटरवर कितीही बदल केले तरी बाहेरची हाक आत येणार नाही. येथे सेटिंग चाळणे थांबवून इंटरनेट देणाऱ्याकडे स्थिर सार्वजनिक पत्ता मागावा, किंवा नोड भाड्याच्या सर्व्हरवर न्यावा.

येथपर्यंत सारे बरोबर निघाले तर विंग्ज थांबवून तो डिबग या सविस्तर नोंदी दाखवणाऱ्या पर्यायासह हाताने चालवावा आणि ओळी वाचाव्यात. पॅनेलने परवानगी नाकारल्याचे दिसले तर नोडचे टोकन (कन्सोलचे नव्हे, विंग्ज आणि पॅनेल यांनी एकमेकांना ओळखण्याचे) जुळत नाही; नोडच्या कॉन्फिगरेशन टॅबमधील मजकूर नव्याने कॉन्फिग फाइलमध्ये ठेवला की ते सुटते. ही फाइल मदतीसाठी कोणत्याही गटात टाकू नये. तिच्यातील टोकन हाती आलेल्या माणसाला नोडवरील सर्व सर्व्हर हाती आल्यासारखे आहेत.

कोठे थांबावे

पॅनेलच्या ईएनव्ही या सेटिंगच्या फाइलमधील ॲप की (गुप्त किल्ली) ज्याच्याकडे जपून ठेवलेली नाही, त्याने पॅनेल पुसण्याचा किंवा नवी की तयार करण्याचा विचारही करू नये. डेटाबेसमधील नोडचे टोकन आणि इतर गुप्त मजकूर त्या कीने बंद केलेला असतो. की गेली तर डेटाबेसचा बॅकअप असूनही तो मजकूर उघडत नाही. खानापूरच्या एका मुलाने असेच पॅनेल नव्याने बसवले होते. जगाच्या फाइली नोडवर सुखरूप होत्या, पण नोंदी जुळवून तो सर्व्हर पुन्हा उभा करायला आम्हा दोघांना दोन रात्री बसावे लागले, आणि मूळ बिघाड विंग्ज एकदा सुरू केल्याने मिटला असता.

मारियाडीबी सुरू होत नसेल आणि तिच्या नोंदीत तक्ते खराब झाल्याचे दिसत असेल, कर्नलच्या संदेशांत डिस्कवर वाचन-लेखनाच्या चुका येत असतील, किंवा आपण न दिलेल्या आज्ञा अथवा अनोळखी लॉगिन आढळले, तर त्या क्षणी हात मागे घ्यावा आणि लिनक्स सर्व्हर सांभाळण्याचे काम करणाऱ्या माणसाला बोलवावे. डिस्क कुरकुरत असताना केलेला प्रत्येक प्रयत्न उरलेली माहिती खातो. यंत्राच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो संगणकाचा प्रश्नच नाही. मेन स्विच बंद करून वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, आणि तोपर्यंत मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नये.

बोलावलेल्या माणसाला चार गोष्टी तयार द्याव्यात: बिघाड नेमका केव्हा दिसला, मोबाइल डेटावर काय झाले, नोडचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडल्यावर कोणती ओळ आली, आणि विंग्जच्या नोंदीतील शेवटच्या पन्नास ओळी, त्यांतील टोकन आणि संकेतशब्द झाकून.